प्रत्येक ओळीवर मास्तरांचं नाव

३ तारीख, सोमवार
पुन्हा तेच! मास्तरांनी प्रोग्रॅममधला एक शब्द बदलला आणि फाइल उघडून बघते तर तीन हजार ओळी लाल-हिरव्या, म्हणजे सगळ्याच बदललेल्या! आमची मशिनं ओळ संपली की एक न दिसणारी खूण टाकतात, त्यांचं वेगळ्या जातीचं, ते दोन टाकतं. त्यांचा एडिटर, म्हणजे प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर, अख्खी फाइल तशी सेव्ह करतो आणि कुठली ओळ कोणाची त्या नोंदीत प्रत्येक ओळीवर त्यांचं नाव चढतं. खरा बदल शोधता शोधता डोळे गेले.

मास्तर माझ्या शेजारी बसतात. पूर्वी शिकवायचे, म्हणून मास्तर.

४, मंगळवार
एडिटरच्या खालच्या पट्टीत बटण आहे, तिथे खूण बदलायची. मास्तरांना चौथ्यांदा दाखवलं. "हो हो, लक्षात आहे!" डोंबल लक्षात.

६, गुरुवार
नवरा म्हणे, "जे दिसतच नाही त्यावरून भांडता होय गं?" ताट उचलून टीव्हीसमोर जाऊन बसले.

१०, सोमवार
आमच्या औषधाची आठवण करून देणाऱ्या ॲपने एका आजींना एकच गोळी दोनदा घ्यायला सांगितली. लेकीने वेळेत पाहिलं म्हणून वाचल्या. साहेब तणतणत आले – "ही गोळीची ओळ कोणी लिहिली?" नोंद उघडली. मास्तरांची.
"मी इथे हात लावल्याचं आठवत नाही हो," मास्तर म्हणाले.
"तुम्हाला बटण तरी कुठे आठवतं!" मी फटकन बोलले. सगळे हसले.

११, मंगळवार
मास्तरांनी आज चहाला हाक मारली नाही.

१४, शुक्रवार
मास्तरांचं कंत्राट वाढवलं नाही. चहाचा मग आणि चष्म्याचं घर पिशवीत टाकलं, माझ्यापाशी थांबून म्हणाले, "बटण आता पाठ झालं बरं का, पोरी." चिडचिड होतेय, कोणावर ते कळत नाही.

१७, सोमवार
साहेब म्हणाले, खुणांचा घोळ एकदाचा मिटव. दोन ओळींची नियमाची फाइल टाकली – बस्स! आता कोणीही काहीही सेव्ह करो, खूण एकच. एवढंच होतं, तर आधी का नाही टाकली मी? उद्या नुसत्या खुणांचे बदल वगळून जुनी नोंद काढायची, म्हणजे कुठली ओळ खरी कोणी लिहिली ते दिसेल.

१८, मंगळवार
काढली. तीन तारखेला मीच इथे लिहून ठेवलंय – प्रत्येक ओळीवर त्यांचं नाव चढतं. तरी त्या दिवशी साहेबांसमोर तोंड उघडलं नाही मी.
गोळीच्या ओळीवरचं मास्तरांचं नाव गेलं. खाली माझं आहे.