कासीमला पाणी कुणी दिलं

सोलापूर, १७ फेब्रुवारी १९७६

तीर्थरूप आबांना दिनकरचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरा आहे. मेसचं जेवण आता अंगी लागतंय, असं आईला सांगा. पायांची सूजही उतरलीय.

परवाचं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या खोलीतला कासीम, दिवाळीत कुर्डुवाडी स्टेशनवर तुम्हाला भेटला होता तो, दोन दिवस बाळंतपणाच्या वॉर्डात ड्यूटी करून उपाशीच पुरुषांच्या वॉर्डात आला. सर पेशंट बघत पुढं, आम्ही विद्यार्थी मागं. चालता चालता कासीम कोसळला. सरांनी त्याला रिकाम्या खाटेवर टाकायला लावलं आणि आम्हाला विचारलं, "बोला, काय झालंय याला?"

पेशंट पुढ्यात ठेवून असं विचारायची इथली रोजचीच पद्धत आहे. आणि आबा, मी हात वर केला. नाडी बघून जागरण, उपास, सगळं ओळीनं सांगितलं.

"शाबास," सर मला म्हणाले. मग कासीमकडं बघून, "असल्या नाजूक पोरांनी डॉक्टर होऊ नये." सगळे हसले.

शेजारच्या खाटेवर हिंदुराव म्हणून पोटाचं ऑपरेशन झालेले म्हातारे आहेत. ते टाके सांभाळत उठले. "आरं, त्येला पानी तरी पाजा की कुनी," म्हणाले आणि स्वतःचा तांब्या पुढं केला.

तुमच्या वर्कशॉपात यंत्रसुद्धा तापलं की बंद ठेवतात. इथं माणसाला तेवढीही सवड नाही.

आक्काचा खोकला थांबला का?

तुम्ही सगळ्यांना सांगता, पोरगा डॉक्टर होतोय. एवढ्यात सांगू नका.

तुमचा,
दिनकर