गावाची चौपाटी

अण्णा,

तुमची चौपाटी पुन्हा बांधायला काढली आहे. हे मला कळलं तेव्हा मी लातुरात, घरी, नळाला पाणी यायची वाट बघत बसले होते. फोनवर आपल्या गावचे नवे मुख्याधिकारी होते. आवाजावरून तरुण वाटले, बोलणं फार अदबीचं. म्हणाले, “मॅडम, साहेबांना काय दूरदृष्टी होती! त्या काळात तालुक्याच्या गावात नदीकाठाचा विचार कोण करत होतं?” मग योजना सांगितली. रंगीत दिवे, गाण्यावर नाचणारं कारंजं, काचेचं उपाहारगृह, फोटो काढायला मोठाली अक्षरं. आणि शेवटी मुद्द्यावर आले. कमानीवर तुमचं नाव घालायचं आहे. तुमचं नाव आणि त्यापुढे ‘चौपाटी’. तुमचा एखादा फोटो आणि घरच्यांची लेखी संमती तेवढी पाहिजे. मी नगररचना शिकवते, शिवाय तुमची मुलगी, म्हणून चार सूचनाही द्या म्हणाले.

हे गृहस्थ साताऱ्याकडचे. आपल्या गावात ‘चौपाटी’ कशाला म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. तुम्हालाही ते कधी कुणी तोंडावर सांगितलं नसेल, म्हणून आता ऐका. ठरलेलं लग्न मोडलं की त्या लग्नाची चौपाटी झाली. बोअर मारून पाणी लागलं नाही की बोअरची चौपाटी. दूध नासलं तरी बायका म्हणतात, “झाली बघा चौपाटी.” मी शाळेत असताना गणितात नापास झाले तेव्हा मागच्या बाकावरून हाच शब्द आला होता, आणि सगळा वर्ग माझ्याकडे वळून हसला होता. आता तर हा शब्द वापरणाऱ्या पोरांना तो कुठून आला हेही ठाऊक नाही. कमान उभी राहिली की कळेल. येणारा जाणारा मान वर करून तुमचं नाव वाचील, पुढचा शब्द वाचील आणि पोट धरून हसेल. मी मुख्याधिकाऱ्यांना लगेच हो म्हणाले. खरं सांगते, इतकं गोड मला कित्येक दिवसांत काही लागलं नव्हतं.

तुम्ही पालिकेचे इंजिनिअर, पालिकेच्याच खर्चानं कोकणात प्रशिक्षणाला गेला होतात आणि रापून परत आलात, ते मला आठवतं. तुम्ही पहिल्यांदाच समुद्र पाहिला होता. जेवता जेवता ताटातल्या वरणात बोटानं काठ काढून तुम्ही आईला दाखवता आहात: हा रस्ता, हे बाक, इथे लोक संध्याकाळी हवा खायला येतील. आई म्हणते, आधी भात खा. पुढच्या वर्षी तुम्ही गोदावरीच्या वाळूवर फरशी घातलीत, आणि पोरांना खेळायला म्हणून त्या फरशीवर वाळू टाकून घेतलीत. त्यात सिमेंटचा डॉल्फिन उभा केलात. निळा! बाक मांडलेत ते भर उन्हात, एका झाडाची सावली नाही. चैत्रात आपल्याकडे सिमेंटच्या बाकावर बसणाऱ्याची काय गत होते, हे तुम्हाला कुणी शिकवायला हवं होतं का? तिथे कुणी फिरकलं नाही, आणि गावाला तो शब्द मिळाला. तुम्ही त्याच वाळूत वाढलात. तुमच्या आईची तिथे वाडी होती. दिवाळीनंतर नदीचं पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या वाळूत ती टरबूज, काकडी लावायची, आणि त्यावर तुमची फी भरली गेली. तिच्यामागे ती वाडी तुमची बहीण करायची. कचेरीत तुम्ही हे कुणाला सांगितलं नव्हतंत. तुम्हाला नदीकाठ सुधारायचा नव्हता, अण्णा. तुम्हाला आपला पत्ता खोडायचा होता.

आत्यानं तुम्हाला फरशी घालूच नको असंही म्हटलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली होती की हा तोडा उतरू दे, फळं पिकू दे, मग घाल काय घालायची ती फरशी. पण उद्घाटनाला पाहुणे ठरले होते. तुम्ही वेलांवरून ट्रॅक्टर घातलात. त्या संध्याकाळी ती पाटी घेऊन आपल्या स्वयंपाकघरात आली. दर साली पहिलं फळ ती आपल्याकडेच आणायची, म्हणून मी धावत गेले. पाटीत मुठीएवढी हिरवी कच्ची टरबुजं होती. तिनं ती फरशीवर ओतली, ती चुलीपर्यंत घरंगळत गेली. “घे,” ती म्हणाली, “मायच्या वाडीचं शेवटचं हाय. पिकायच्या आदीच काढलं तुज्या ट्रॅक्टरनं.” तुम्ही तिच्या पायांकडे बघितलंत आणि म्हणालात, “आधी पाय धुऊन ये. साहेबाच्या घरात असं चिखलानं येतात का?” ती पाय न धुताच गेली. आईनं त्या कच्च्या फळांची भाजी केली, फेकवेना म्हणून. तुम्ही जेवलात. मीठ कमी आहे म्हणालात आणि पुन्हा वाढून घेतलीत. त्या घासाबद्दल मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही. आत्या पुढे भोकरला गेली, जिनिंगमध्ये कापूस उचलायला. तुमच्या मातीला आली तेव्हा उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि पाणीही न घेता परत गेली.

आता माझे विद्यार्थी मला तुमच्याच चौपाट्या काढून दाखवतात. नदी कुठलीही असो, वर फरशी, दिवे आणि कॉफी पिणारी गोरी माणसं. मी त्यांना विचारते, तुमच्या गावची बाई गोधडी कुठे धुते? ते नकाशा गुंडाळायला लागतात. मुख्याधिकाऱ्यांना मी सूचना पाठवल्या त्या अशाच होत्या. फरशी काढा, वाळूत उतरायला उतार ठेवा, उन्हाळाभर वाड्या लावू द्या आणि तिथेच फळं विकू द्या. काठावर करंज, कडुलिंब लावा. धुण्याच्या पायऱ्या पळवू नका. आठवडी बाजार नदीकडे तोंड करून बसवा, म्हणजे लोक आपोआप येतील, त्यांना डॉल्फिन लागणार नाही. गावात माणसं थांबायला लागली की गाव सुधारतं. त्यांनी “बघू” असं उत्तर दिलं. गाव पायी फिरून बघायचं हे मी तुमच्याकडूनच शिकले. दर रविवारी तुमचं बोट धरून आख्खं गाव हिंडले आहे. फक्त नदीकडे तुम्ही मला कधी नेलं नाहीत.

संमतीचं पत्र लिहिण्याआधी मी भोकरला गेले. एकटीनंच हसण्यात मजा नव्हती. आत्या आता बाजेवरच असते, ऐकायलाही कमी येतं. मी तिच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं, कमानीचं, नावाचं, त्यापुढच्या शब्दाचं. मला वाटलं होतं, ती टाळी देईल. ती पदराचं टोक चोळत राहिली.

“गाव हसंल,” ती म्हणाली.

“हसू दे की. हसण्यासारखंच केलं त्यांनी.”

“माजी वाडी मोडली त्यानं. मी मरूस्तोर राग धरीन त्याच्यावर, तो माजा हाय. गावाचं काय मोडलं? गाव तर ट्रॅक्टर बघाया जमलं होतं.” मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, “माज्या भावाला हसून राहिलीस व्हय तू? लोकाच्या तोंडी देऊन राहिलीस त्याला? न्हाई लावायचं नाव. सांग त्यायला.”

मी म्हटलं, अगं, तुझ्यासाठीच तर. ती म्हणाली, “माज्यासाटी काई करू नगं. च्या पी.” मी चहा प्यायले. साखर फार होती. परतीच्या बसमध्ये मला तुमचा इतका संताप आला, की शेजारच्या बाईनं विचारलं, ताई, बरं वाटत नाही का? चिखलाच्या पायांवरून तुम्ही हाकललेली बाई तुमची अब्रू राखत बसली आहे, आणि मी, जिला तुम्ही शिकवलंत, वाढवलंत, ती कमानीच्या तयारीला लागले होते. यात तुमची काही लायकी नाही. ही थोरवी तिची आहे, हे नीट ध्यानात घ्या.

काल मी नकार कळवला. मुख्याधिकारी हिरमुसले. कारण काय लिहू, म्हणाले, फायलीला काहीतरी लागतं. खरं कारण सांगितलं असतं तर तो शब्दही सांगावा लागला असता, आणि मग तो कचेरीभर झाला असता. हे पत्र कुणाच्या हाती पडायचं नाही, तुमच्या तर नाहीच, म्हणून इथे कबूल करते. मी लिहून दिलं की माझ्या वडिलांना मिरवायला आवडत नसे. अण्णा, तुमच्यासाठी एवढं धडधडीत खोटं मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलले.