म्हशीक घातलंस?

आये, आज म्हशीचं आंबोण कालवताना हात कोपरापर्यंत भरला आणि तशीच मी तुझ्याशी बोलायला लागले. मोठ्याने नव्हे, अजून तेवढी वेळ आलेली नाही. मग हात धुतला आणि म्हटलं, लिहूनच काढावं. तू जाऊन इतकी वर्षं झाली की शिरोड्याचं आपलं घर आता तुला ओळखूसुद्धा यायचं नाही. भावाने गोठा पाडून तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधल्यात, एसीसकट. तू जिथे कोंडा चाळायचीस तिथे लोक पैसे मोजून झोपतात.

तुझा जावई गेला, हे सांगायचं होतं. पावसाळा सरता सरता गेले. मला काही होत नाही, आये. भूक लागली की जेवते, झोप आली की झोपते. भेटायला येणाऱ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत बसतात आणि त्यांची निराशा होते. मी त्यांना चहा देते.

तुझी एकच गोष्ट मला लहानपणी खुपायची. शाळेतून दमून यावं, चुलीजवळ बसावं, पेजेचा वास नाकात जावा आणि तू विचारावंस, "म्हशीक घातलंस? आधी तिका घाल, मगे तुझा ताट." एकदा मी घाईत पेंढ्याची पेंडी न सोडता तशीच गव्हाणीत फेकली आणि जेवायला बसले. तू माझ्यासमोरचं ताट उचललंस. ओरडली नाहीस. म्हणालीस, "बांदून ठेवलंव ना तिका? मगे तिच्या पोटाचा आपणच बघूक व्हया." मी परत गेले, पेंडी सोडली, झाडली, मोकळी करून घातली. त्यानंतर तू मला मासळीच्या कालवणातली मोठी तुकडी वाढलीस. तुझं प्रेम हे असं, नेहमी म्हशीच्या मागून यायचं.

आणि मग तो दिवस. बाबा ओसरीवर आहेत, कोऱ्या चादरीखाली. घरात चूल पेटलेली नाही. शेजारून आमच्यासाठी पेजेचं भांडं आलंय. आत्या छाती बडवून रडतेय, मी तिच्या कुशीत, आणि मागून म्हैस ओरडतेय. तू बाबांच्या उशाशी बसलेली उठतेस, पदर खोचतेस आणि चालायला लागतेस. आत्या रडणं थांबवून म्हणते, "घोव हंय पडललो आसा नि ही गोठ्यात चल्ली!" तू दारात वळतेस. "तिका काय कळता कोण गेलो तो? तिका भूक लागली हा." तुला यायला बराच वेळ लागला. शेवटी तिरडी बांधून झाल्यावर मलाच पाठवलं तुला बोलवायला. तू आलीस ती केसांत पेंढ्याच्या काड्या घेऊन, डोळे कोरडे ठणठणीत.

ते मी तुला कधीच माफ केलं नाही. माझ्या लग्नात तू रडलीस तेव्हासुद्धा मनात आलं, आता बरं रडू येतं हिला. तू आजारी होतीस तेव्हा मी तुझं सगळं केलं, पण जवळ बसून तुझा हात काही धरला नाही.

हे गेले त्या दिवशी लेक पुण्याहून येईपर्यंत त्यांना घरात ठेवलं होतं. ती आली, बापाच्या अंगावर पडून रडली. तिला जवळ घ्यायचं सोडून मी उठले आणि गोठ्यात गेले. पाठीमागे कोणीतरी चक् केलेलं ऐकलं. मला शेवटी बोलवायला तीच आली. सगळं आटोपून लोक गेल्यावर तिने विचारलं, "आई, तुका रडाक पण इला नाय गो?" माझ्या तोंडून तुझंच वाक्य निघालं, "म्हशीक भूक लागली होती." तिने मान हलवली. मी ती मान ओळखली, आये. ती माझीच होती. आता ती रोज फोन करते, जेवलंस का, गोळ्या घेतलंस का, सगळं विचारते, आणि ऑफिसातल्या माणसाशी बोलावं तसं नीट बोलून ठेवते. मी मरेन तेव्हा तीही माझं सगळं नीट करील. ह्याची मात्र मला भीती वाटते. एवढी एकच गोष्ट हल्ली वाटते म्हण.

तिला काय ते सांगून टाकावं असं रोज ठरवते आणि फोन आला की पावसापाण्याचं बोलते. म्हणून तुला लिहितेय. तुला पाठवायचा प्रश्नच नाही, तेवढं बरं आहे.

त्या दिवशी लेक यायच्या आधीच शेजारीण माझ्या कानाशी येऊन म्हणाली होती, "वयनी, म्हशीक मी घातलंय हां, तू बघू नको." मी गेले तेव्हा गव्हाण भरलेली होती. मी तो सगळा पेंढा बाहेर काढला. झाडला, मोकळा केला आणि परत घातला. घालून झाल्यावर पुन्हा काढला. म्हैस रवंथ करत माझ्याकडे बघत होती. तिला भूक नव्हती, आये. तुझ्या म्हशीला तरी होती का गो?