भाऊजींच्या रक्तात जे दिसलं

बालाघाट,
ता. २३ फेब्रुवारी १९६९

प्रिय शेवंताबाई,
पुनारामचा सप्रेम जयभीम.

तुझं कार्ड पोचलं. तुझ्या हातचं अक्षर मी पहिल्यांदाच पाहिलं. ओळी खाली उतरत गेल्यात, पण एकूण एक शब्द लागला. इतकी वर्षं माझं पत्र किरनापुरचे मास्तर तुला वाचून दाखवत, म्हणून खुशाली लिहून मी थांबायचो. आता तू स्वतः वाचतेस.

इकडे बरं आहे. तुझ्या सरितावहिनीचा खोकला थांबला. आमच्या प्रयोगशाळेच्या छपरावरचे फुटके कवेलू एकदाचे बदलले. तुझ्या भाचीला हिंदी शाळेत घातलं. ती घरीही हिंदीच बोलते.

तू लिहिलंस, "सासू गेली. मरतानाही मले माफ नाही केलं. ताकानंच मारलं माह्या लेकाले, म्हणे." हे वाचून दोन दिवस मी कामावर गेलो नाही.

बाई, भाऊजी तुझ्या ताकानं गेले नाहीत. आणि हे मला तेव्हाच ठाऊक होतं.

सांगतो. हळूहळू वाच.

तिरोडीच्या खाणीत ट्रॉलीचा मार लागून त्यांची पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, फुटली आणि नागपूरला ती काढून टाकावी लागली, हे तुझ्यासमोरचंच. खाणीनं परत घेतलं नाही, म्हणून मीच त्यांना आमच्या गुरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर लावलं. लामता गावाकडे गाई लाल मुतून मरत होत्या. तो रोग गोचिडीतून पसरतो. पण तो कोणत्या जंगलातल्या गोचिडीत आहे, हे आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांना शोधायचं होतं. भाऊजी पांढरं कापड गवतावरून ओढत चालायचे, त्याला चिकटलेल्या गोचिड्या चिमट्यानं काढून बाटलीत भरायचे. मी त्या चिरून आतलं पाणी काचपट्टीवर पसरवायचो, रंग द्यायचो आणि सूक्ष्मदर्शकाखाली रोगाचे जंतू शोधायचो.

काम त्यांना आवडलं होतं. म्हणायचे, "खाणीत दिवसभर दगडाचं तोंड पाहत होतो. इथं रानात हरणं तरी दिसतात."

सदुसष्टच्या दसऱ्याच्या आधी एका नाल्याकाठच्या गोचिडीत जंतू सापडले. साहेबांनी माझी पाठ थोपटली. ते मला फार गोड लागलं, बाई. जबलपूरला अहवाल न्यायचा होता, त्याच जागेचा आणखी माल हवा होता. भाऊजी म्हणाले, "पुनाराम, अंग लय मोडून आलं. मांडीले गोचीड चावलीती, तिथं सुजलं हाय. दोन दिवस थांबू काय?"

मी म्हटलं, "भाऊजी, साहेब सोमवारी चालले. एक चक्कर मारून या फक्त."

ते गेले. शनिवारी बाटल्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि भिंतीला टेकून तिथंच खाली बसले. अंग तव्यासारखं तापलं होतं. मी त्यांना घरी पोचवलं. डॉक्टरांनी हिवतापाच्या गोळ्या दिल्या. पानथरी नाही हे त्यांना सांगायला हवं, असं ना तुला सुचलं, ना मला.

सोमवारी तू मला मागच्या अंगणात नेऊन भांडं दाखवलंस. "लघवी चहावानी काहून होऊन राह्यली रे?" मी म्हटलं, "उष्णता हाय. पाणी पाज."

तो रंग मी गोठ्यांतून शंभरदा पाहिला होता.

मी त्यांच्या बोटाला सुई टोचली. ते हसले, "मले बी गाय समजला काय?" रक्त घेऊन मी बालाघाटला आलो. काचपट्टीवर तांबड्या पेशी होत्या आणि त्यांच्यात दोन-दोन थेंब, टोकाला टोक लावलेले. आजारी गाईच्या रक्तात जंतू दिसतात तसेच. मी तीनदा पाहिलं. साहेब जबलपूरहून दुसऱ्या दिवशी आले, त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "ये जानवरों की बीमारी है, आदमी को नहीं होती. तुमने पट्टी बदल दी होगी. पोंछ दो इसे."

मी पुसली. स्पिरिटचा बोळा घेऊन, याच हातानं.

पट्टी बदलली नव्हती. चिठ्ठीवर भाऊजींचं नाव मीच लिहिलं होतं. पण साहेब शिकलेले आणि मी मॅट्रिक नापास. वादात पडलो तर जागा जाईल ही भीती होतीच. खोटं कशाला लिहू. गाईंना टोचतात ते औषध शेजारच्या कपाटात होतं. कपाट उघडलं नाही, डॉक्टरांना कळवलं नाही. बुधवारी पहाटे ते गेले.

नंतर पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळ्या समाजासमोर तुझ्या सासूबाई, तुळसाबाई, तुझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तापात ताक पाजलं हिनं!" तू माझ्याकडे पाहिलंस. भाऊ काही बोलेल, असं तुला वाटलं असेल. मी सतरंजीकडे पाहत बसलो. त्यानंतर मी किरनापुरला आलो नाही. कामाचं निमित्त लिहीत राहिलो.

गेल्या महिन्यात साहेबांनी मला बोलावलं. एक विलायती मासिक उघडं होतं. परदेशात एक गुराखी याच रोगानं मेला, त्याचीही पानथरी आधीच काढलेली होती. पानथरी नसली की जनावरांचा हा रोग माणसालाही धरतो, असं त्यात छापलं होतं. त्यातला काचपट्टीचा फोटो साहेबांनी मला दाखवला. मग म्हणाले, "वो स्लाइड रखी है?"

"आपने पुंछवाई थी, साहब."

त्यांनी मासिक मिटलं. मी म्हटलं, कागदावर तरी दुरुस्त करा. ते म्हणाले, सबूत काय? सबूत नाही. दप्तरात हिवतापच राहील. औषध दिलं असतं तर वाचले असते का, हेही विचारलं. कुणालाच सांगता येणार नाही, म्हणाले.

तेव्हाच मी किरनापुरला यायला हवं होतं. तुळसाबाई जिवंत होत्या. उद्या जाऊ, परवा जाऊ, करत राहिलो, आणि तुझं कार्ड आलं.

हे पत्र सासरच्या माणसांना वाचून दाखव. बोलावलंस तर येईन आणि सगळ्यांसमोर सांगेन. पण सोळा महिने तू जे ऐकलंस ते त्यानं पुसलं जाणार नाही. ज्या बाईनं हे ऐकायला हवं होतं, ती तुझ्यावर राग घेऊनच गेली.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि ती मला घेता येणार नाही.

नावाच्या आधी 'तुझा भाऊ' लिहायला हात उचलत नाही.

पुनाराम