शेवटच्या गाडीचा गोळा

३ फेब्रुवारी

स्टेशन पाडणार! खात्याचं पत्र आलं. वीस तारखेला ठेकेदाराची माणसं येणार. आमच्या मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून चष्म्याच्या डबीखाली ठेवलं आणि दहाच्या ठोक्याला निघाले स्टेशनकडे. लग्नाला अडतीस वर्षं झाली, मीही मास्तरच म्हणते. शेवटची गाडी येऊन गेली त्याला अकरा वर्षं झाली, तरी यांची ड्यूटी चालूच!

संध्याकाळी पोरीचा फोन. आता तरी या, आठ दिवस का होईना. हे म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. अकरा वर्षं झाली, तो पुढचा महिना काही उजाडत नाही. पोरीचं घर मी अजून फोटोतच पाहिलंय. भांडी जरा जोरातच घासली.

५ फेब्रुवारी

मीही गेले यांच्याबरोबर. पाडायच्या आधी बघून तरी घ्यावं. तिकिटाच्या खिडकीतून झाडाची फांदी बाहेर आलीय, कुणी आतून तिकीट पुढे करावं तशी. प्रतीक्षालयाचं छप्पर अर्धं वर, अर्धं खाली. रूळ केव्हाच उचलून नेले, खडीत पिवळी फुलं आलीत. फलाटावरचं बाकडं मात्र शाबूत. त्यावर बसून थर्मासमधला चहा प्यायले. पाठीवर ऊन. फार बरं वाटलं. इतकी वर्षं मी इथे फिरकले नाही— रुसव्यात, दुसरं काय!

मास्तर काही बसेनात. काठीने गवत उचकत फिरत होते.

६ फेब्रुवारी

पुन्हा तेच. काठी आणि गवत.

८ फेब्रुवारी

आज विचारलंच— हरवलंय तरी काय? आधी उडवाउडवी. मग बाकड्यावर बसले आणि सगळं सांगितलं. मार्ग एकेरी, एका वेळी एकच गाडी. ड्रायव्हरजवळ मागच्या स्टेशनाने दिलेला लोखंडी गोळा असायचा. गाडी आली की मास्तरांनी तो घ्यायचा आणि ऑफिसातल्या मशीनमध्ये टाकायचा. गोळा आत पडला की गाडी आली, मार्ग मोकळा. शेवटच्या दिवशी ही गर्दी! फोटो, हस्तांदोलनं, गोळा यांच्या हातातच. त्याच रात्री ताप भरला, आठ दिवस अंथरुणात. उठल्यावर गोळा कुठे ठेवला ते काही केल्या आठवेना.

“चौतीस वर्षांत एक चूक नाही,” म्हणाले, “आणि शेवटची गाडी कागदावर अजून आलेलीच नाही.”

केवढा होता, मी विचारलं. त्यांनी मूठ वळून दाखवली.

मी तडक घरी आले.

तोच दिवस, दुपारी

शिवणाचा डबा उघडला. तळाशी आहे. तेव्हा तापात यांचा कोट धुवायला काढला, तर खिशात सापडला होता. कुणी आठवण म्हणून दिला असेल असं वाटलं, टाकला डब्यात. मोज्याच्या टाचेत घालून रफू करायला असा गोळा शोधून सापडायचा नाही! यांचे सगळे मोजे मी त्याच्यावरच रफू केलेत. ऑफिसात बायकामुलांना पाऊल टाकायची बंदी, मला काय ठाऊक तो गोळा कसा असतो?

९ फेब्रुवारी

वाटलं, गवतात टाकून द्यावा. यांना सापडेल, माझीही अब्रू राहील. पिशवीत घालून नेलाही. पण या माणसाने तिथलं पातं न् पातं उचकलंय, लगेच ओळखतील. आणि नाही ओळखलं, तर जन्मभर मलाच खात राहील. परत आणला.

१० फेब्रुवारी

सांगितलं. गोळा मोज्यात होता, तसाच पुढे ठेवला. यांनी मोजा उलटा करून गोळा तळहातावर घेतला.

“म्हणजे याच्यावर रफू केलेले मोजे घालून मी यालाच शोधत होतो.”

आणि हसले! इतके हसले की ठसका लागला. मला रडू आलं, मग मीही हसत सुटले.

१२ फेब्रुवारी

मशीन गंजलंय. जड म्हणून कुणी नेलं नव्हतं, ते एक बरं. गोळा तोंडाशीच अडला. माझ्या शिलाई मशीनचं तेल सोडलंय. दोन दिवस मुरू दे, म्हणाले.

१४ फेब्रुवारी

“आत ये,” म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्या ऑफिसचा उंबरा ओलांडला. कबुतरं उडाली, धूळच धूळ. यांनी गोळा टाकला. आत खडखडलं, मग ठक्! यांनी टोपी सरळ केली, वाळवीने ठेवलेलं तेवढं रजिस्टर उघडलं आणि शेवटच्या ओळीत गाडी आल्याची वेळ लिहिली. उशीर— अकरा वर्षं चार महिने. उशिराचं कारण काय लिहिणार, मी विचारलं. लिहून झाल्यावर पान माझ्याकडे वळवलं.

‘रफूकाम.’

१५ फेब्रुवारी

दहा वाजून गेले तरी मास्तर घरीच. आज ड्यूटी नाही का, मी विचारलं.

“गाडी वाटेत असताना मास्तर स्टेशन सोडून कसा जाणार होता?” म्हणाले. “आता आली. पोरीला फोन लाव.”

म्हणजे तो पुढचा महिना अकरा वर्षं माझ्याच शिवणाच्या डब्यात पडून होता.