ताठ बांधलेली जाळी

नाशिक,
सोमवार, ८ डिसेंबर १९९७

चि. वाल्मीक यास,
अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत. द्राक्षाला घड कसे सुटलेत ते कळव. तुझी वहिनी रोज आठवण काढते.

येत्या रविवारी सृष्टीची जिल्ह्याच्या टेनिस संघासाठी निवड आहे. तिची सर्व्हिस अजून लांबच जाते. चेंडू रेषेच्या हातभर पुढे पडतो. मी म्हणत होतो, तुझं लक्ष नाही, देवाचं नाव घेऊन मार. तसं नव्हतं.

परवा इथल्या कोर्टावरचा सहादू जाळी लावत होता. दोन्ही खांबांना बांधून झाल्यावर त्याने मधोमध एक पांढरी पट्टी टाकली आणि जाळी खाली ओढून जमिनीतल्या कडीत अडकवली. मी जवळ जाऊन हाताने मापून पाहिली.

"काय भाऊसाहेब, पडदा शिवायचाय का?" तो हसला.

मध्ये जाळी खांबापेक्षा चार बोटांहून जास्त खाली होती. मला तुझं खळं आठवलं. तिथे जाळी बांधताना तू म्हणाला होतास, "दादा, द्राक्षाच्या मांडवाची तार अशीच ताठ लागते. वर कावळा बसला तरी वाकायची नाय." दुसऱ्या टोकाला मीच ओढत होतो, कौतुकाने. पोरगी सगळ्या सुट्ट्या त्या उंच जाळीवरून चेंडू काढायला शिकली. इथे जाळी खाली आहे, हात मात्र तिथलाच.

हे वाचून तुला वाटेल, दादा आता खापर माझ्यावर फोडतोय. म्हणून काल लिहायला बसलो आणि उठलो.

तिला हे सांगितलं, तर म्हणाली, "सवय काकांनी लावली, मोडतील पण काकाच. ते नाही आले तर मी रविवारी उतरणार नाही."

"अगं, त्यांना मळ्याची कामं असतात."

"कामं नाहीत, अण्णा. तुम्हाला माहीत आहे."

रॅकेट तिने कपाटावर टाकली आहे. आईशी बोलते, माझ्याशी नाही.

दसऱ्यानंतरचा तो सामना ती हरली, तेव्हा मी तिच्यावर हात उगारला. तू मध्ये आलास. "पोरगी हाय ती, दादा!" एवढंच म्हणालास. हात तुझ्या तोंडावर बसला, चार लोकांत. तू उघड्या डोक्याने सायखेड्याची एसटी धरलीस. सकाळी देवापुढे हात जोडतो, तेव्हा नजर आधी त्या हातावर जाते.

शनिवारी पहिल्या गाडीने तिला घेऊन खळ्यावर येतो. जाळी सोडू नकोस. तू मध्ये दाबून धर, खुंटीला गाठ मी मारतो. दिवसभर ती मारेल, आणि रविवारी तिघं मिळून नाशिकला येऊ. तू आलास तर.

तुझी टोपी मी तिथून उचलून आणली होती. स्वतः धुतली, घडी करून पिशवीत ठेवली आहे. वहिनीजवळ दिली नाही. माझ्या हातून घेशील का, ते तू ठरव.

उत्तराची वाट न पाहता निघणारा,
तुझा दादा
रावजी