शॅम्पेन आणि अण्णांचा चहा

मुक्काम कॅरी, ३ फेब्रुवारी

तीर्थरूप अण्णांना रागातला नमस्कार.

मी बरी आहे. बीपीची गोळी चुकवू नका.

मला ‘दारूवाली’ म्हणून फोन आपटलात, म्हणून हे पत्र. मी इथल्या हॉटेलांसाठी शॅम्पेन चाखून निवडते. ब्रूट नावाची शॅम्पेन गोड नसते, आंबटसर असते. कोथिंबीर वडीसारख्या तळणाबरोबर फार छान लागते. दरवर्षी चव तीच राहावी म्हणून तिच्यात जुन्या वर्षांची वाइन मिसळतात. तुम्ही दुकानात चहाच्या पत्त्या मिसळता, त्या कशासाठी?

दुकान प्रतापदादाला देताय ना, खुशाल द्या. दिवाळीच्या ज्या मिश्रणासाठी त्याची पाठ थोपटायचात, ते मी करून द्यायचे. खोटं वाटत असेल, तर यंदा त्याला तुमच्यासमोर मिसळायला सांगा.

तुमची दारूवाली,
चारुता